वीज हवी, परंतु जागा कोणती?

आभाळातली वीज फुकट चमकते. घरातली वीज मात्र कोठेतरी, कोणाच्या तरी जमिनीवर निर्माण करावी लागते. तीसाठी नदी अडवावी लागते, कोळसा जाळावा लागतो किंवा माळावर सौर पॅनेलांच्या रांगा मांडाव्या लागतात. तयार झालेली वीज आपल्या दारापर्यंत आणावयाची म्हणजे रानातून व शेतांतून मनोरे उभारून तारा ओढाव्या लागतात. घरात दिवा लागावा, विहिरीवरचा पंप चालावा, मुलांना रात्री अभ्यास करता यावा, असे प्रत्येक कुटुंबाला वाटते आणि ते रास्तच आहे. तेव्हा वीज हवी की नको, हा वाद येथे घालावयाचा नाही. तिच्यासाठी जागा कोणती घ्यावी, हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावे, एवढाच प्रश्न वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे समजले जाई. पाण्यापासून किती वीज मिळेल, हे पाण्याची राशी आणि ते ज्या उंचीवरून खाली पडते ती उंची, ह्या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. आपला सह्याद्री ह्या कामी जणू मुद्दाम घडविलेला. माथ्यावर धो धो पाऊस, आणि कड्याखाली काही शे मीटर खोल कोकण! मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. भिऱ्याला पाणी पुरविणारे धरण मुळशी पेट्यात बांधले गेले. त्याखाली सुमारे बावन्न गावांच्या जमिनी जाणार होत्या, म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, हे पुष्कळांनी ऐकले असेल. सत्याग्रह मोडला आणि धरण झाले. इंजिनियराच्या वहीत त्या वेळी सिमेंट, लोखंड, मजुरी व जमिनीची भरपाई एवढेच रकाने होते. पाऊस भरपूर, खिंड अरुंद आणि कडा उंच असला की जागा उत्तम, असा तो हिशेब होता.

बुडालेल्या गावाची किंमत काय, हे गोव्यातील सांगे तालुक्यातल्या लोकांना विचारावे. तेथील साळावलीचे धरण विजेसाठी नाही, पाण्यासाठी आहे. परंतु बुडणे ते बुडणेच. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डी गावाचे अवशेष वर येतात, आणि जुने रहिवासी, हिंदू तसेच ख्रिस्ती, आपापल्या देवळाच्या व कपेलाच्या जागी जमतात. पडक्या भिंती पाहून आपले घर कोठे होते हे नातवंडांना दाखविणारी म्हातारी माणसे जमाखर्चाच्या कोणत्या रकान्यात बसवावीत?

ह्या वहीत नवे रकाने पाडण्याचे काम आपल्या देशात ज्या प्रकरणाने केले, ते केरळातील सायलेंट व्हॅलीचे. ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य बाजूला, सुमारे ९० चौरस किलोमीटर पसरलेली ही दरी घनदाट सदाहरित अरण्याने भरलेली आहे. तिच्यामधून वाहणाऱ्या नदीचे नाव कुंतीपुळा, आणि एका स्थळाचे नाव सैरंध्री. पांडव वनवासात येथे राहिले होते, असे तेथील लोक सांगतात. रातकिड्यांची किरकिर येथे कानी पडत नाही, म्हणून इंग्रजांनी तिला शांत दरी म्हटले, असाही एक समज आहे. सैरंध्री ह्या शब्दाचाच तो इंग्रजी अपभ्रंश असावा, असे दुसरे म्हणतात. ते काहीही असो. सैरंध्रीपाशी नदी एका अरुंद खिंडीत शिरते, आणि म्हणून १९२८ च्या सुमारासच इंग्रज अधिकाऱ्यांनी ही जागा वीजनिर्मितीसाठी हेरून ठेवली होती.

१९७३ साली नियोजन मंडळाने तेथील जलविद्युत प्रकल्पास मान्यता दिली. आरंभी १२० मेगावॅट वीज व्हावी, आणि खालच्या बाजूला काही हजार हेक्टर शेतीस पाणी मिळावे, अशी योजना होती. केरळच्या वीज मंडळाची बाजू पोकळ नव्हती. मलबार हा राज्याचा उत्तर भाग विजेच्या बाबतीत मागासलेला. तेथे कारखाने नाहीत, तरुणांना काम नाही. बुडणार होती ती ८३० हेक्टर जमीन, म्हणजे दरीचा दहावा हिस्साही नव्हे. शिवाय ह्या रानात गाव नाही, कोणाचे घर उठवावयाचे नाही. मुळशीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तर ही जागा आदर्शच वाटावी!

येथेच विचाराला खरी सुरुवात होते. दहावा हिस्सा हे क्षेत्रफळाचे माप झाले. परंतु तो दहावा हिस्सा कोणता? दरीच्या तळाची, नदीकाठची, सर्वांत ओलसर अशी पट्टी. ती पाण्याखाली गेली म्हणजे उरलेले अरण्य दोन बाजूंना दुभंगते. सिंहपुच्छ वानर म्हणून एक काळे, मानेभोवती करडी आयाळ असलेले माकड येथे राहते. ते जगात केवळ पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात सापडते. ते बहुतेक आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढते, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते, आणि अखंड रान नसेल तर त्याचे कळप एकमेकांपासून तुटतात. खेरीज धरण काही एका दिवसात बांधून होत नाही. वर्षानुवर्षे रस्ते, दगडाच्या खाणी, मजुरांच्या वस्त्या, चुलींसाठी सरपण, ह्या सर्वांचा भार त्या रानावर पडणार. नकाशावर धरणाचे पाणी निळ्या रंगात दाखविता येते. मजुरांच्या सरपणाला मात्र नकाशात रंग नसतो.

१९७६ साली केंद्र शासनाच्या पर्यावरण समितीने झफर फतेहअली ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्या गटाने, हा प्रकल्प सोडून द्यावा, असे सुचविले. परंतु सोडणे अशक्यच असेल तर सतरा अटी पाळाव्यात, असेही पुढे लिहिले. माझ्या मते येथे त्या विद्वानांची लेखणी घसरली. अटींचे दार उघडे ठेवले की सल्ला कोणी वाचत नाही, अटी मात्र सगळे वाचतात. झालेही तसेच. आम्ही सतरा अटी पाळू, असे राज्य शासनाने सांगितले व १९७९ साली तसा कायदाही केला.

हा अहवाल कपाटात राहिला असता. परंतु वनस्पतिशास्त्राचे एक अध्यापक, एम. के. प्रसाद, ह्यांनी तो वाचला व केरळ शास्त्र साहित्य परिषदेपुढे हा विषय नेला. ही परिषद म्हणजे शास्त्रातले ज्ञान मल्याळम् भाषेतून खेडोपाडी पोहोचविणारी, मुख्यत्वे शिक्षकांची संस्था. तिच्यातच प्रथम मतभेद झाले, कारण मलबारला वीज हवी हे तिच्या सभासदांनाही मान्य होते. मग परिषदेने एक शहाणपणाची गोष्ट केली. वनस्पतिशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी, शेती व अर्थशास्त्र ह्यांचे पाच जाणकार एकत्र बसविले आणि प्रकल्पाची बारकाईने छाननी करून १९७९ साली तिचा निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. केवळ ‘रान वाचवा’ म्हणून ते थांबले नाहीत. ही वीज दुसरीकडून कशी मिळेल, हेही त्यांनी मांडले. इडुक्कीचा मोठा प्रकल्प १९७६ साली सुरू झाला होता व केरळात होणारी काही वीज शेजारच्या राज्यांना विकली जात होती. तेव्हा मलबारच्या अंधाराचे एक मोठे कारण तेथवर वीज नेणाऱ्या तारांच्या अशक्तपणात होते. वाटेत गळणारी वीज वाचवावी, वाहिन्या बळकट कराव्यात आणि गरज पडल्यास इतर प्रकारची केंद्रे उभारावीत, हे त्यांचे म्हणणे होते.

‘माकडे मोठी की माणसे?’ असा उपहास त्यांच्या वाट्याला आला. प्रगतीचे वैरी, परक्यांचे हस्तक, असली दूषणेही मिळाली. शिक्षकाने गावात राहून गावाच्या रोषाला तोंड देणे सोपे नसते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. दुसरीकडे कवयित्री सुगतकुमारी ह्यांच्यासारखे साहित्यिक पुढे आले, पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी आपला शब्द खर्च केला, कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन ह्यांनी जागा पाहून, ही दरी व सभोवारची वने मिळून मोठे संरक्षित अरण्य करावे, असे सुचविले. १९८० च्या आरंभी उच्च न्यायालयात विरोधकांचे अर्ज फेटाळले गेले, आणि आता संपलेच असे वाटत असता पंतप्रधान इंदिरा गांधींनी काम थांबविण्यास सांगून केंद्र व राज्य ह्यांची संयुक्त समिती नेमण्याची वाट मोकळी केली. प्रा. एम. जी. के. मेनन हे तिचे अध्यक्ष. तिचा अहवाल आल्यानंतर १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला. १९८४ च्या नोव्हेंबरात दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली, व ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी तिचे उद्घाटन केले.

त्या मेनन समितीत पुण्याचे माधव गाडगीळ होते. येथे थोडे विषयांतर करतो. त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्यांना प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष किती लाभ झाला, ह्याचा अभ्यास त्यांच्या हाताखाली पुण्याच्या गोखले संस्थेत झाला व १९४८ साली तो प्रसिद्ध झाला. पाटबंधाऱ्याचे मूल्य केवळ सरकारी तिजोरीत येणाऱ्या पाणीपट्टीवर मोजू नये, त्याचा दूरवर पोहोचणारा लाभही धरावा, हे त्या अभ्यासाचे सार. वडिलांनी लाभाच्या बाजूस नवे रकाने पाडले, आणि मुलाच्या पिढीने तसेच रकाने हानीच्या बाजूस पाडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सायलेंट व्हॅलीचा निर्णय चांगला झाला, पण तो फार उशिरा आणि फार भांडून झाला. प्रत्येक दरीसाठी दहा दहा वर्षे भांडण कोण करणार? जागा निवडण्यापूर्वीच सगळ्या डोंगररांगेची पाहणी करून कोठे काय चालेल हे ठरवून ठेवता येणार नाही का? १९१० साली हे अशक्य होते. २०१० साली उपग्रहांची छायाचित्रे आणि संगणक हाताशी होते. त्या वर्षाच्या मार्चमध्ये केंद्र शासनाने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांचा गट नेमला व त्याचे अध्यक्षपद माधव गाडगीळांकडे दिले.

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,४९० किलोमीटर लांबीचा हा प्रदेश. गटाने त्यावर सुमारे नऊ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा चौकटी आखल्या. त्या जवळजवळ २,२०० भरल्या. मग प्रत्येक चौकटीला गुण दिले, जसे शाळेत मास्तर देतात. अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पती किती, दुर्मिळ प्राणी कोणते, रान किती टक्के, उंची किती, उतार किती तीव्र, नदीकाठची झाडी शिल्लक आहे काय, अशा कसोट्यांवर हे गुण ठरले. त्यावरून तालुक्यांचे तीन प्रकार केले. पहिल्या, अति नाजूक प्रकारात पाणी साठविणारी मोठी धरणे नकोत. स्थानिक गरजेपुरती, वाहत्या पाण्यावर चालणारी लहान योजना ग्रामसभेच्या संमतीने चालेल. तिसऱ्या प्रकारात, कडक अटींवर, मोठे वीजप्रकल्पही चालतील. केरळातील चालकुडी नदीवरील १६३ मेगावॅटचा अतिरप्पिळ्ळी प्रकल्प आणि कर्नाटकातील गुंड्या प्रकल्प ह्यांना मान्यता देऊ नये, असे गटाने स्पष्ट सांगितले. ह्या वेळी ‘नाहीच तर अमुक अटींवर’ अशी पळवाट ठेवली नाही.

अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर झाला, आणि काही महिने तो लोकांसमोर आलाच नाही. माहितीच्या अधिकाराखाली झगडल्यावर २०१२ साली तो उघड झाला. ज्या अहवालाचा प्राण ग्रामसभेशी विचारविनिमय हा होता, तो ग्रामस्थांच्या भाषेत त्यांच्या हाती पडण्यापूर्वी त्याविषयीच्या अफवा पडल्या. त्यामागून आलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या शिफारशी अमलात येऊ लागल्या, तेव्हा २०१३ साली केरळच्या इडुक्की व वायनाड ह्या डोंगरी भागांत शेतकरी रस्त्यावर आले. त्यांत आपल्या श्रद्धेची माणसे पुष्कळ होती, आणि तेथील धर्मगुरूंनीही त्यांची बाजू घेतली. आजोबांनी रान साफ करून लावलेली मिरी व वेलदोडा आता आपल्या हातून जाणार, घर दुरुस्त करावयासही परवाना लागणार, ही त्यांची भीती होती. अहवालात कोणालाही उठविण्याची शिफारस नव्हती. तरी त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणणे मला मान्य नाही. नऊ किलोमीटरची चौकट हे ढोबळ माप आहे. तीत रानही येते, मळाही येतो आणि शाळाही येते. तालुक्याला एक रंग दिला म्हणजे मिरीचा मळा आणि निबिड अरण्य एका रंगात रंगतात. कस्तुरीरंगन समितीने गाव हे मोजमापाचे एकक धरले व छायाचित्रेही अधिक बारकाव्याची वापरली, हे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे. मात्र माणसांशी बोलून जे कळते ते तिने फारसे मोजले नाही. २०१४ पासून ह्या विषयावरील अधिसूचनेचे मसुदे पुनःपुन्हा निघत आले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा.

नाही म्हणणे किंवा हो म्हणणे, ह्याहून वेगळे असे तिसरेही उत्तर असू शकते, आणि ते गोव्यात मिळाले. गोव्यात स्वतःची वीज जवळजवळ तयार होत नाही; ती शेजारच्या राज्यांतून तारांवाटे येते. कोल्हापूरकडून म्हापशास येणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली तर काय, ही चिंता खोटी नव्हती. म्हणून धारवाडजवळच्या नरेंद्र येथून केपे तालुक्यातील शेल्डे येथे दुसरी वाहिनी आणण्याचे ठरले. परंतु तिची वाट मोले येथील राष्ट्रीय उद्यानातून व भगवान महावीर अभयारण्यातून काढलेली होती. त्याच रानातून महामार्ग रुंद करावयाचा होता आणि कॅसलरॉकहून कुळ्याकडे येणाऱ्या रेल्वेला दुसरा मार्ग जोडावयाचा होता. २०२० च्या एप्रिलमध्ये, सारा देश घरात कोंडलेला असताना, वन्यजीव मंडळाने ह्यांपैकी काही कामांना मान्यता दिली. तिन्ही कामे कागदावर वेगवेगळी होती. रान मात्र एकच होते. प्रत्येकाची हानी स्वतंत्र मोजली की ती लहान दिसते.

गोव्यातील तरुण, शास्त्रज्ञ, चित्रकार व ग्रामस्थ ह्यांनी आवाज उठविला, आणि गोवा फाउंडेशनने सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे दाद मागितली. समितीने २०२१ च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला. वीजवाहिनी नको, असे तिने म्हटले नाही. रानात पूर्वीच एका जुन्या वाहिनीसाठी झाडे तोडून पट्टा मोकळा केलेला आहे. नवी वाहिनी त्याच पट्ट्याने न्यावी, नवे रान तोडू नये, असे तिने सुचविले. रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाची गरज सिद्ध झालेली नाही, असाही तिचा निष्कर्ष होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाबतींत समितीचे म्हणणे उचलून धरले. जुना पट्टा प्रथमपासून तेथेच होता. तो पाहण्यास खटला का लागावा, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, माझ्याही आला.

येत्या काळात जागेचा प्रश्न आपल्या गावांत बहुधा धरणाच्या रूपाने येणार नाही. तो सौर पॅनेलांच्या रूपाने येईल. सूर्याच्या विजेने धूर होत नाही, राख होत नाही, आणि तिची देशाला गरज आहे. पण एका मेगावॅटला साधारणपणे चार ते पाच एकर सपाट जमीन लागते. ही जमीन कोठून येते? सरकारी दफ्तरात जी ‘पडीक’ लिहिलेली असते ती प्रथम पुढे येते. आणि पडीक म्हणजे पुष्कळदा गायरान, जेथे गावची गुरे चरतात व गरीब बाया सरपण वेचतात. राजस्थानात जैसलमेरकडे देवाच्या नावाने पिढ्यानपिढ्या राखलेली ‘ओरण’ नावाची कुरणे आहेत. त्यांवरही ह्याच कारणाने वाद उभे राहिले आहेत. एक गोष्ट तर पुष्कळांना ठाऊक नसते: पर्यावरणावरील परिणाम आधी तपासावा, असे सांगणारी केंद्राची २००६ ची अधिसूचना सौर पॅनेलांच्या प्रकल्पांना लागू केलेली नाही. म्हणजे तेथे जाहीर सुनावणी होईल अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ग्रामसभेत गायरानाचा ठराव येईल तोच बोलण्याचा दिवस. छपरे, कालव्यांच्या कडा, जुन्या खाणींची पडलेली जमीन, ह्यांचा विचार झाला आहे काय, असे त्या दिवशी विचारता येते.

धरण, औष्णिक केंद्र अशा मोठ्या प्रकल्पांना मात्र ती अधिसूचना लागू होते आणि तिच्यात गावकऱ्याला बोलण्याची जागा ठेवलेली आहे. प्रकल्पाच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक राजभाषेत तयार करून जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत व पंचायतीत ठेवावा लागतो. सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ होते. जिल्हाधिकारी अथवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो आणि सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. तेथे गणसंख्येची अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी पूर्ण झाली असे धरले जाते. ज्याला जाता येत नाही त्याने आपले म्हणणे लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावे. शेवटी जमलेल्यांपुढे त्या दिवशीच्या आक्षेपांचे टिपण स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. ते वाचून होईपर्यंत उठू नये, आणि आपला आक्षेप त्यात आला नसेल तर तेथेच उभे राहून तसे सांगावे.